वरच्या खोलीतलं टपाल

त्या माणसावर मी जेवढी चिडले तेवढी लग्नाच्या नवऱ्यावरसुद्धा कधी चिडले नाही, आणि आमचे हे काही कमी नव्हते. पण नवरा निदान उलट बोलायचा. आमचे वरचे भाडेकरू भाऊ चष्मा काढायचे, बनियनच्या टोकाने पुसायचे, परत नाकावर ठेवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तक्रार ईमेलने पाठवा. आजच उत्तर देतो."

म्हणजे बघा. खाली मी, वर ते, मध्ये एक स्लॅब. त्यांच्या मोरीचं पाणी माझ्या देव्हाऱ्यावर टपकतंय आणि ते सांगायला मी ईमेल लिहायचा. पहिल्यांदा मी झाडू घेऊनच वर गेले होते. दुसऱ्यांदा मात्र लिहिला. उत्तर आलं: "आपली तक्रार मिळाली. गळती माझ्याच मोरीची आहे. उद्या प्लंबर येईल. आपला नम्र, वरचा." आणि आला की प्लंबर! राग असा अर्ध्यातच तोंडावर पडला की माणसाला जास्तच राग येतो.

टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, बिनलग्नाचे. आमचे हे गेल्यावर मी वरची खोली भाड्याने द्यायची ठरवली. भिवंडीत खोलीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. सगळे विचारतात, पाणी किती वाजता येतं. यांनी विचारलं, लाइट किती वेळ जाते आणि वायर कुठून आत घेता येईल. मला वाटलं, हा वर कापडाचा लूम टाकतोय. मी स्पष्ट सांगितलं, घरात लूम चालणार नाही. तर म्हणाले, "लूमपेक्षा आवाज कमी आहे."

लोकांच्या ओट्यावर गॅस असतो. यांच्या ओट्यावर दोन काळे खोके, त्यांचे लुकलुकणारे दिवे आणि खाली बॅटऱ्या. स्टोव्ह जमिनीवर. आमटी-भात उकिडवं बसून करायचे, आणि मशीन ऐटीत ओट्यावर.

ते काय होतं ते मला कळायला वर्ष गेलं, तुम्हाला दोन वाक्यांत सांगते. सगळं जग आपला ईमेल कुठल्यातरी मोठ्या कंपनीकडे फुकट ठेवतं. यांचा ईमेल सरळ यांच्या ओट्यावर यायचा, जसं काही स्वतःच्या घरात स्वतःचं पोस्ट ऑफिस. आणि वेबसाइट म्हणजे तरी काय, कुणीतरी कुठेतरी रात्रंदिवस चालू ठेवलेला कॉम्प्युटर. तर तोही ओट्यावरच. आमच्या वाचनालयाचं पान तिथून दिसायचं, नाक्यावरच्या होमिओपॅथी डॉक्टरांचं तिथून, आणि नंतर माझंही. माझं शिक्षण सातवी. मी आपली तोंडाने बडबडायची, तर हे म्हणाले, "हे वाया कशाला घालवता, लिहा." टायपिंग शिकवलं. र्‍हस्व-दीर्घावरून एकदाही टोकलं नाही, हे मात्र त्यांचं कबूल करते.

"घरचं टपाल परक्याच्या दारात कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालेलं.

मी म्हटलं, "तुम्ही स्वतः भाड्याच्या खोलीत राहता, आणि हे मला सांगता?"

"भाडं वेळेवर देतो ना?" म्हणाले.

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूमचे शेड. कापसाची बारीक तूस हवेत तरंगत असते. डाळीत पडते, उशीवर बसते, मशीनच्या पंख्यात जाऊन गच्च होते. भाऊंनी त्यावर उपाय काढला. माझी वाळत घातलेली मलमलची साडी नाहीशी झाली आणि महिन्याभराने मला ती त्यांच्या खोक्यांना गुंडाळलेली दिसली, दर शुक्रवारी धुऊन, वाळवून, परत बांधलेली. शुक्रवार का, तर शुक्रवारी लूम बंद. सगळं गाव गप्प. तेवढ्यात ते मशीन उघडायचे, पुसायचे, दुरुस्त्या करायचे. साडीचं विचारलं तर म्हणाले, आपण ईमेलने नोटीस द्यायला हवी होती. दिली मी नोटीस. नवी साडी आली, जुनीपेक्षा बरी. काय करणार?

आणखी एक खोड. टपालाला उत्तर दिल्याशिवाय जेवायचे नाहीत. लॉटरी लागल्याची जी खोटी ईमेलं येतात ना, त्यांनासुद्धा. "आपला प्रस्ताव वाचला. सध्या गरज नाही. कळावे." मी म्हटलं, अहो, चोर आहेत ते. म्हणाले, "असतील. पण त्यांनी लिहिलंय ना?"

मोबाइल त्यांच्याकडे नव्हता. ठेवायचाच नाही असं ठरवलेलं. दुकानात कुणी नंबर मागितला की सामान तिथेच ठेवून परत यायचे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

भिवंडीत माणसं येतात आणि हरवतात. लूमवर, गोडाऊनमध्ये, ट्रकवर. कुणाचा फोन चोरीला जातो, कुणी मुकादमाशी भांडून निघून जातो, कुणी आजारी पडून कुठेतरी पडून राहतो. भाऊंनी ओट्यावरच्या मशीनवर एक पान चालू केलं होतं, हरवलेल्यांचं. फोटो, नाव, कुठून गेला, आणि खाली एक ईमेलचा पत्ता. तो पत्ता त्यांनी पेंटरकडून भिंतींवर लिहून घेतला. एसटी स्टँडजवळ, अंबाडी नाक्यावर, कशेळीला ट्रक थांबतात त्या ढाब्याच्या भिंतीवर. "घरच्यांना खबर द्यायची आहे? इथे लिहा." ट्रकवाले वाचायचे आणि तो पत्ता डोक्यात घेऊन देशभर फिरायचे. ज्यांचे फोटो लावायचे त्या घरच्यांना ते शब्द द्यायचे की फोटो माझ्या घराबाहेर जाणार नाही, कुठल्या कंपनीच्या हाती लागणार नाही. ही त्यांची अट त्यांनीच घातलेली, कुणी मागितली नव्हती.

त्या पानावर दिघाशीकडच्या एका पाड्यावरच्या सोमीचा मुलगा होता, काळू. कशेळीच्या गोडाऊनमध्ये माल चढवायचा. एक दिवस एका ट्रकबरोबर गेला तो गेलाच. सोमी बाजाराच्या दिवशी भाजी विकायला यायची आणि टोपली माझ्या ओसरीवर टेकवून वर हाक मारायची, "बाबा, हाय का काय?" वरून आवाज यायचा, "नाही, सोमीबाई." हे कितीतरी महिने चाललं होतं.

आणि मग एकदा खरंच आलं. कुणा ट्रक ड्रायव्हरच्या मोबाइलवरून लिहिलेलं. "आई मी काळू. बरा हाय. काम लागलं का परत लिवतो. पत्ता भितीवरचा ध्यानात व्हता."

भाऊ जिन्यावरून अनवाणी धावत आले, त्या वयात. सोमीला त्यांनी ते वाचून दाखवलं, आणि तिने परत, आणि परत वाचायला लावलं. मध्येच विचारते, "बरा हाय असंच लिवलंय ना? तुम्ही न्हाय ना घातलं मनाचं?" उलट लिहिलं तर ड्रायव्हरचं उत्तर आलं, पोरगा वाटेत उतरला, कुठे गेला माहीत नाही, माझा मोबाइल घेऊन दोन मिनिटं लिहीत होता बस. म्हणजे काळूपर्यंत पोचायला आपल्याकडे काहीच नाही. त्याच्याकडे मात्र आपला पत्ता आहे, डोक्यात. तो लिहील तेव्हा इथे कुणीतरी असायला पाहिजे. एवढीच ती गोष्ट, एवढ्यावर सोमी जगत होती.

आमच्या गल्लीत इंटरनेट द्यायचे बशीरभाई. केबलचा धंदा, छतांवरून गेलेल्या वायरी, आणि एका लूमच्या शेडवर पोटमाळ्यात त्यांचं कपाट, तिथून सगळ्या लाइनी फुटायच्या. भाऊंना मशीन घरी चालवायला एक पक्का नंबर लागायचा, रोज बदलत नाही असा, म्हणजे बाहेरच्या टपालाला घर सापडतं. तो बशीरभाईंनी तोंडी दिला होता, चहा पिता पिता. कागद नाही, करार नाही. इथे सगळं असंच चालतं आणि वर्षानुवर्षं चालतं.

तर बशीरभाईंनी धंदा विकला. एका मोठ्या कंपनीला. आम्हाला सांगितलं, सगळं तसंच राहील. आणि एका सकाळी ओट्यावरचे दिवे लुकलुकायचे थांबले.

भाऊंनी खालून माझ्या फोनवरून कंपनीला फोन लावला. आधी गाणं. मग एक बाई हिंदीत म्हणाली की आमचा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग परत गाणं. मग एक पोरगा. राउटर बंद करून चालू करा, म्हणाला. ज्या माणसाने उभा जन्म टेलिफोनच्या तारांत काढला, त्याला राउटर बंद-चालू करायला सांगतात, आणि हा माणूस निमूट वर जाऊन बंद करून चालू करून येतो. दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा, तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, अहो, ओरडा की. म्हणाले, "तो बिचारा कागदावर लिहिलेलं वाचतोय."

"आणि टपाल?"

"बाहेरचे पोस्टमन चार-पाच दिवस फेऱ्या मारतात, वहिनी. दार लागलेलं दिसलं तर परत येतात, परत वाजवतात. त्यानंतर मात्र पत्र पाठवणाऱ्याला परत करतात."

"आणि कोण येऊन गेलं ते आपल्याला कळतं का?"

चष्मा काढला. पुसला. "नाही," म्हणाले. "लाइनच नाही तर कसं कळणार."

शेवटी मी त्यांना रिक्षात घालून कशेळीला नेलं, कंपनीच्या ऑफिसात. कंटेनरच्या रांगेत अडकून, धुरात न्हाऊन पोचलो. गोडाऊनच्या वर काचेचं ऑफिस, आत थंडगार. टेबलाशी बसलेली मुलगी गोड बोलणारी होती. गोड बोलणाऱ्यांचा मला जास्तच राग येतो. म्हणाली, घरच्या कनेक्शनला पक्का नंबर मिळत नाही, तो धंदेवाल्यांना. आणि घरच्या लाइनवर ईमेलचं मशीन चालवायला कंपनी देत नाही, सुरक्षेसाठी. पूर्वी होता? कुठे लिहिलंय? बशीरभाईंनी दिलेल्या कागदांत तर असं काही नाही. मग ती भाऊंकडे बघून हसली आणि म्हणाली, "सर, तुम्ही फुकटवाला ईमेल का नाही उघडत? पाच मिनिटांत नवीन पत्ता मिळतो."

भाऊ कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. 

"मुली," म्हणाले, "नवा पत्ता मी कुणाला सांगू? ज्याला सांगायचा, तोच हरवलाय."

तिने विचारलं की आम्हाला मोठ्या पॅकेजमध्ये इंटरेस्ट आहे का.

रिक्षात मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. म्हटलं, पत्ता तोच ठेवून मशीन दुसरीकडे नेता येतं ना? तुम्हीच शिकवलंय मला. नाव तुमचं, ते फक्त नव्या जागेकडे वळवायचं. कुणाचं तरी भाड्याचं मशीन घ्या, टाका त्याच्यावर सगळं आणि मोकळे व्हा. तर म्हणाले, येतं. पण फोटो माझ्या घराबाहेर जाणार नाहीत असा शब्द दिलाय. आधी एकेका घरी विचारायला हवं.

आणि हा माणूस खरंच विचारत बसला. टपाल दारातून परत जातंय, आणि हे शांतीनगरला जातायत, हे अंबाडीला जातायत, माणूस भेटला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत जातायत. मी खालून ओरडत होते, वरून उत्तर येत होतं, "शब्द आहे, वहिनी." त्या शब्दाचा मला इतका संताप आला की त्यांच्या वाटणीचा चहा मी दोन दिवस केला नाही.

शेवटची राहिलेली सोमी बाजाराच्या दिवशी आली. भाऊंनी तिला फोटोचं समजावलं, फोटो दूरच्या मशीनवर जाईल, कुठल्या गावात तेही आपल्याला नीट माहीत नाही, तुमची परवानगी पाहिजे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "फोटो कुठं बी ठेव बाबा. मला फोटो न्हाय, पोऱ्या पायजेल." आणि टोपली उचलली. कंपनीचं, लाइनीचं तिला त्यांनी सांगितलं नव्हतं अजून. सांगायचं होतं, पण जीभ रेटली नसावी.

त्या दिवशी भाड्याचं मशीन घेतलं. माझ्या मोबाइलच्या इंटरनेटवरून दोघांनी बसून सगळी पानं, सगळे फोटो, सगळं जुनं टपाल तिकडे चढवलं. आता फक्त नाव वळवायचं राहिलं. ज्या कंपनीकडे नाव नोंदवलंय तिच्या पानावर जायचं, पासवर्ड टाकायचा आणि नवा नंबर लिहायचा. भाऊंनी पासवर्ड टाकला. पानाला संशय आला, की हा माणूस रोजच्या लाइनवरून का येत नाही. म्हणालं, खात्री करायला एक कोड तुमच्या ईमेलवर पाठवलाय, तो इथे टाका.

मी म्हटलं, "टाका की."

त्यांनी चष्मा काढला. मी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं, आणि मला कळलं. तिथे ईमेल कुठला लिहिलेला होता? त्यांचाच. घरचं टपाल घरच्या दारात! दुसऱ्या कुणाचा पत्ता द्यायचा नाही, मोबाइल नंबर द्यायचा नाही, ठेवायचाच नाही. त्यामुळे कोड निघाला होता आणि आमच्याच बंद दाराशी येऊन उभा होता. दार उघडायला कोड हवा, आणि कोड घ्यायला दार उघडं हवं.

मी बोलायला तोंड उघडलं. त्या वेळी मी काय काय बोलले असते ते आज लिहिण्यासारखं नाही. पण भाऊ त्या स्टोव्हशेजारी जमिनीवर बसले होते, पाय पसरून, आणि म्हातारे दिसत होते. तोपर्यंत मला ते कधी म्हातारे दिसले नव्हते. मी तोंड मिटलं आणि बशीरभाईंना फोन लावला.

नाव नोंदणाऱ्या कंपनीलाही तिच्या पानावरूनच लिहून बघितलं. ओळखीचा पुरावा पाठवा, पंधरा दिवस लागतील, असं उत्तर तिथेच आलं. तेवढे दिवस कुणाकडे होते?

बशीरभाई आधी उडवून लावायला निघाले. "भाभी, मैंने तो धंदा बेच दिया ना. अब मेरा क्या काम?"

मी म्हटलं, धंदा विकला, पण पोटमाळ्यातलं कपाट? ते विकलं का?

थांबले. कपाट अजून तिथेच होतं. मागची मोठी लाइन, भाऊंचा पक्का नंबर जिच्यावरून यायचा ती, महिना संपेपर्यंत त्यांच्याच नावावर होती, कंपनीची माणसं काढायला आली नव्हती. पण लूम चालू असताना त्या शेडच्या शिडीवर कुणाला चढू देत नाहीत, मालक चढू देणारही नाही. शुक्रवारीच जमेल, जुम्म्याची नमाज झाल्यावर. आणि कंपनीला कळलं तर लफडं होईल. मी म्हटलं, काळूच्या आईला तुम्ही स्वतः येऊन सांगा मग, की लफडं नको म्हणून लाइन जोडली नाही.

"आप लोग ना," एवढंच म्हणाले, आणि फोन ठेवला.

शुक्रवारी आले. पांढरा शुभ्र कुर्ता, अत्तर, डोक्यावर टोपी. शेडमध्ये लूम सगळे गप्प उभे. बशीरभाई त्या कुर्त्यात शिडी चढले आणि पोटमाळ्यातल्या तुशीत गुडघ्यावर रांगत गेले. खाली मी शिडी धरून उभी. वरून पुटपुटणं ऐकू येत होतं, की भाभीने इस्त्रीचा सत्यानाश केला, की डाकबाबूला, म्हणजे भाऊंना, किती वेळा सांगितलं एक मोबाइल ठेव. मग म्हणाले, "हो गया. बोलो उनको, जल्दी करें. ज्यादा देर नहीं रखूँगा."

मी फोनवर माझ्या शेजारणीला सांगितलं, तिने माझ्या घरात जाऊन वर ओरडून सांगितलं. ओट्यावरचे दिवे लागले. भाऊंनी कोड परत मागवला, तो आला, त्यांनी टाकला, नाव वळवलं. आणि तेवढ्यात टपाल आत यायला लागलं. दाराशी ताटकळलेलं सगळं. वाचनालयाचं, डॉक्टरांचं, लॉटरीवाल्यांचं, बिलं, जाहिराती. मी धापा टाकत घरी पोचले तेव्हा ते खुर्चीत पुढे वाकून बसले होते आणि एकेक ओळ बोटाने खाली सरकवत होते.

"आहे का?"

शेवटपर्यंत सरकवलं. परत वर नेलं, परत खाली.

"गेल्या चार-पाच दिवसांतलं सगळं आलं," म्हणाले. "त्यात नाही."

"आणि त्याच्या आधीचं?"

त्याच्या आधीचं परत गेलेलं होतं. जे काही असेल ते. लाइन गेल्यापासून पहिला आठवडा, जेव्हा आम्ही राउटर बंद करून चालू करत होतो, कंटेनरच्या रांगेत उभे होतो, दारोदार परवानग्या मागत होतो, त्या आठवड्यात आमच्या दाराशी कोण येऊन गेलं हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कुणी आलंच नसेल. किंवा आलं असेल. मला त्या कंपनीचा राग येतो तो याचा. लाइन गेली, आली, त्यात काय, लोकांच्या जातात. पण हे जे "कळणार नाही" आहे ना, ते त्यांनी त्या बाईच्या पदरात टाकलं, आणि त्यांच्या काचेच्या ऑफिसात आज कुणाला त्याची खबरसुद्धा नाही.

मी भाऊंना म्हटलं, सोमीला काही सांगू नका. काय गरज आहे? रोजचं म्हणा, "नाही आलं." खोटं तर नाही ते.

म्हणाले, "अर्धं आहे."

पुढच्या बाजारी ते स्वतः खाली येऊन ओसरीवर बसले, तिच्या समोर, जमिनीवर. सगळं सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत. दार इतके दिवस बंद होतं. टपाल परत गेलं असेल. त्यात काळूचं होतं की नाही माहीत नाही. मी थोडी लवकर हालचाल केली असती, तर कदाचित.

सोमी ओरडली नाही, रडलीही नाही. टोपलीतल्या मेथीवरचं पाणी झटकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या पोऱ्यानं हाक मारली आसंल, आन त्याला घरात कोण न्हाय आसं वाटलं आसंल."

"असेल," भाऊ म्हणाले.

"आन तो आता परत नाय मारायचा हाक. तो तसाच हाय. येक डाव मारतो."

  मग तीच म्हणाली, "भितीवर लिव ना. परत हाक मार म्हणून लिव."

आणि हा माणूस, पेंटरला न सांगता, स्वतः रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन निघाला. मी बरोबर गेले, कारण एकट्याला सोडलं तर उन्हात कुठेतरी पडतील. एसटी स्टँड, अंबाडी नाका, मग कशेळी. प्रत्येक भिंतीवर जुन्या पत्त्याखाली त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: "पत्र परत आलं असेल तर पुन्हा पाठवा. चूक आमची."

कशेळीच्या ढाब्याशी माझा संयम सुटला. समोर दोनशे पावलांवर ते काचेचं ऑफिस दिसत होतं. मी ब्रश धरला. म्हटलं, आमची कशी? त्यांचं नाव लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला कळू दे, कुणी लाइन तोडली ते. तुम्ही कशाला पदरात घेता? खरं बोलायचं व्रत आहे ना तुमचं, मग लिहा की खरं.

ते ब्रश सोडवून घेत म्हणाले, "वहिनी, त्यांचं नाव लिहिलं तर पोरगा वाचेल आणि म्हणेल, यांचं काहीतरी भांडण चाललंय. आणि पुढे जाईल. चूक आमची म्हटलं, तर माणूस परत दार वाजवतो."

मला हे तेव्हाही पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही.

भाऊंना जाऊन दोन वर्षं झाली. झोपेतच गेले, आदल्या रात्रीचं सगळं टपाल उत्तर देऊन संपवलेलं. दूरच्या मशीनचं भाडं आता वाचनालय आणि डॉक्टर मिळून भरतात, आणि टपाल मी बघते. रोज सकाळी. कोड आता माझ्या मोबाइलवर येतो. सोमी बाजाराला येते, टोपली टेकवते आणि विचारते, "बाय, हाय का काय?" मी म्हणते, नाही. ती म्हणते, "बरं." आणि टोपली उचलते.

पावसाळ्यानंतर भिंतींवरची अक्षरं पुसट होतात. डबा घेऊन मी जाते. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं आहे. कशेळीला त्या भिंतीसमोर उभी राहिले की दर वेळी हात थांबतो, ऑफिसच्या काचेत माझी मीच लांबून बारीकशी दिसते, आणि अंगाची आग होते. चूक आमची नव्हती. मग मी दात आवळते आणि "चूक आमची" असंच लिहिते, ट्रकच्या केबिनमधून वाचता येईल एवढं मोठं.